पाच सायकली, तीन धातू: फ्रेमचे तुलनात्मक परीक्षण

सायकल घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो फ्रेम स्टीलची की अलॉयची, आणि दुकानदारही 'अलॉय' एवढे उत्तर देऊन किमतीकडे वळतो. या उत्तरातून कळते ते फार थोडे. पोलाद, अ‍ॅल्युमिनिअम आणि टायटॅनिअम या तीन धातूंच्या पाच सायकली पुण्याच्या रस्त्यांवर, बोपदेव आणि ताम्हिणी घाटांत आणि कोकणच्या किनाऱ्यावर चालवून पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की नळीचा व्यास किती, तिची भिंत किती जाड, जोड कोणत्या पद्धतीने केला आहे आणि सायकलवर ओझे किती जाणार आहे, या गोष्टी कळल्याशिवाय धातूच्या नावाला फारसे वजन देऊ नये. दुरुस्तीच्या बाबतीत मात्र धातूचे नावच जवळजवळ सगळे ठरवते, आणि खरेदीच्या वेळी नेमकी तीच बाब कोणी विचारात घेत नाही.

तुलनेतील पहिली सायकल आपल्याकडची काळी दांड्याची सायकल होती. दुसरी होती शाळा-कॉलेजातील मुलांसाठी हमखास घेतली जाणारी जाड नळ्यांची, पुढे सस्पेन्शन असलेली २६ इंची 'माउंटन' सायकल, जिच्या फ्रेमवर 'हाय-टेन्साइल स्टील' असे लिहिलेले असते. तिसरी ६०६१ जातीच्या अ‍ॅल्युमिनिअमची हायब्रिड (रोड आणि माउंटन यांच्या मधल्या घडणीची), चौथी ४१३० क्रोमोली पोलादाची लांब प्रवासाची टूरिंग सायकल आणि पाचवी एका स्नेह्यांनी विश्वासाने चालवायला दिलेली टायटॅनिअमची रोड सायकल. उत्पादकांची नावे मी मुद्दाम दिलेली नाहीत, कारण एकाच धातूची चांगली आणि वाईट अशा दोन्ही प्रकारची फ्रेम बाजारात मिळते आणि येथे प्रश्न धातूचा आहे.

आधी थोडे आकडे पाहू, कारण त्यांच्याशिवाय पुढचे काहीच नीट समजणार नाही. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.८५ ग्रॅम, टायटॅनिअमची ४.५ ग्रॅम आणि अ‍ॅल्युमिनिअमची २.७ ग्रॅम आहे. धातू वाकायला किती विरोध करतो, म्हणजे त्याचा ताठरपणा, हा याच क्रमाने सुमारे २००, १०५ आणि ७० गिगापास्कल भरतो. ताठरपणाला घनतेने भागले तर तिन्ही धातूंचे उत्तर २३ ते २६ यांच्या दरम्यान येते, आणि सगळ्यांत हलके असलेले मॅग्नेशिअमही याच मर्यादेत बसते. म्हणजे हलकेपणाच्या प्रमाणात धातू लवचीकही होत जातो. अमुक धातू 'हलका आणि कडक' आहे असे जे जाहिरातीत म्हटले जाते, त्याला धातूच्या अंगभूत गुणांत आधार नाही. मग अ‍ॅल्युमिनिअमची फ्रेम हलकी असूनही पायाखाली घट्ट कशी लागते?

त्याचे उत्तर नळीच्या आकारात आहे. पातळ भिंतीच्या गोल नळीचे वजन तिच्या व्यासाच्या आणि जाडीच्या गुणाकाराप्रमाणे वाढते, पण तिचा ताठरपणा व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतो. व्यास दुप्पट केला आणि भिंत निम्मी केली, तर वजन तेवढेच राहते आणि ताठरपणा चौपट होतो. हे असेच पुढे चालू ठेवता येत नाही, कारण व्यासाच्या मानाने भिंत फार पातळ झाली की नळी दाबाखाली चुरगळते. ढोबळ मानाने व्यास जाडीच्या पन्नासपटीपुढे नेऊ नये असे कारागीर मानतात. पोलाद जड असल्यामुळे त्याच्या नळीची भिंत एक मिलिमीटरच्या आत येते तेव्हाच कोठे वजन आटोक्यात राहते, आणि मग व्यास वाढवायला जागा उरत नाही. अ‍ॅल्युमिनिअमची भिंत जाड ठेवूनही वजन कमी राहते, त्यामुळे तेथे व्यास मनसोक्त वाढवता येतो. हायब्रिडची खालची नळी मनगटाएवढी जाड आणि टूरिंग सायकलची अंगठ्याहून थोडी अधिक असते, त्याचे कारण एवढेच आहे.

हा विचार सुचायला सायकलच्या इतिहासात बराच काळ गेला. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनी टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा 'बटेड' नळीचे पेटंट १८९७ मध्ये घेतले आणि १९३५ मध्ये मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ५३१ ही नळी बाजारात आणली. पुढची कित्येक दशके चांगल्या फ्रेमची वरची नळी २५.४ मिलिमीटरची आणि खालची २८.६ मिलिमीटरची असायची, आणि हे माप जणू दगडावर कोरल्यासारखे झाले होते. अ‍ॅल्युमिनिअम आले तेव्हा तेही आधी याच मापांत बसवले गेले. फ्रान्सच्या व्हिटस ९७९ फ्रेममध्ये पोलादी मापांच्या अ‍ॅल्युमिनिअम नळ्या चिकटवलेल्या असत. आयर्लंडचा शॉन केली तिच्यावर शर्यती जिंकला, तरी जोर लावला की ती फ्रेम डोलते अशीच तिची ख्याती राहिली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकलेल्या गॅरी क्लाइन याने १९७० च्या दशकात जाड व्यासाच्या नळ्या वापरायला सुरुवात केली, १९८३ मध्ये कॅननडेलने त्याच वाटेने आपली पहिली सायकल काढली आणि तेथून अ‍ॅल्युमिनिअमची प्रतिमा बरोबर उलटी, म्हणजे 'हाडे खिळखिळी करणारा कडक धातू' अशी झाली. धातू तोच राहिला आणि नळीचा व्यास बदलला. १९९८ च्या तूर द फ्रान्समध्ये मार्को पँटानी अ‍ॅल्युमिनिअमच्या बिआंकी सायकलवर जिंकला. त्यानंतर तेथे कार्बन फायबरचे राज्य आले आणि धातूंचा तो अध्याय संपला.

आता प्रत्यक्ष सायकलींकडे वळू. पोलाद आरामदायक आणि अ‍ॅल्युमिनिअम त्रासदायक, हे वाक्य सायकलस्वारांच्या गप्पांत इतक्या वेळा येते की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. मी हायब्रिड आणि टूरिंग या दोन्ही सायकलींना एकाच बनावटीचे ३२ मिलिमीटरचे टायर बसवले, हवा सारखी ठेवली, सीटही एकच आलटून पालटून वापरली आणि कात्रजपासून सासवडकडे जाणाऱ्या खडबडीत पट्ट्यांवर दोन्ही चालवल्या. बसकेखाली जाणवणारा फरक जवळजवळ नाहीसा झाला. हातांना थोडा फरक लागत होता, पण त्याचे श्रेय टूरिंग सायकलच्या बारीक, पुढे वळवलेल्या पोलादी फोर्कला, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याला, द्यावे लागेल. हायब्रिडचा फोर्क सरळ आणि जाड अ‍ॅल्युमिनिअमचा आहे. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. आपल्या परिचयाची त्रिकोणी फ्रेम उभ्या दिशेने छपराच्या कैचीसारखी ताठ असते आणि खड्ड्यात ती मिलिमीटरच्या काही अंशांनीच दबते, तर टायर त्याच धक्क्यात कित्येक मिलिमीटर दबतो. टायर २५ ऐवजी ३२ मिलिमीटरचा घेऊन हवा बेताची ठेवली तर जो आराम मिळतो, तो फ्रेमचा धातू बदलून मिळणार नाही, आणि त्याला खर्चही फारसा येत नाही.

या संदर्भात 'बायसिकल गाइड' या अमेरिकी मासिकाने १९९६ मध्ये केलेला प्रयोग आठवतो. इटलीचे कारागीर आंतोनिओ मोंडोनिको यांच्याकडून एकाच मापाच्या सात फ्रेम बनवून घेतल्या होत्या. नळ्या सर्व कोलंबस कंपनीच्या पोलादाच्या, पण स्वस्तातल्या स्वस्त जातीपासून महागड्यापर्यंत वेगवेगळ्या. कोणती फ्रेम कशाची आहे हे परीक्षकाला सांगितले नव्हते, आणि अनुभवी असूनही त्याला त्या खात्रीने ओळखता आल्या नाहीत. माझ्या मते हा प्रयोग प्रत्येक सायकल दुकानात फ्रेम करून लावावा. स्वस्त पोलाद आणि महाग पोलाद यांचा ताठरपणा सारखाच, सुमारे २०० गिगापास्कल, असतो. वेगळी असते ती बळकटी, म्हणजे किती ताणापर्यंत नळी कायमची वाकत नाही ही मर्यादा. महागडे पोलाद अधिक बळकट असल्याने त्याची भिंत पातळ करता येते आणि वजन घटते. बाकी जे जाणवते असे म्हटले जाते, त्यातले बरेचसे किमतीच्या चिठ्ठीमुळे जाणवते.

याच मुद्द्यावरून दुसऱ्या क्रमांकाच्या, म्हणजे हाय-टेन्साइल पोलादाच्या 'माउंटन' सायकलबद्दल मला स्पष्ट बोलावेसे वाटते. 'हाय-टेन्साइल' हे नाव भारदस्त असले तरी ते साध्या कार्बन पोलादाचे दुकानी नाव आहे. फॅब्रिकेशनवाले ज्याला एमएस (माइल्ड स्टील) म्हणतात त्याच्यापेक्षा ते फार वेगळे नसते. बळकटी कमी, म्हणून नळीची भिंत जाड, म्हणून वजन जास्त, ही साखळी येथे स्पष्ट दिसते. त्यातही या सायकलींच्या नळ्या दणकट दिसाव्यात म्हणून मुद्दाम फुगवलेल्या असतात, वर हलक्या प्रतीचे सस्पेन्शन असते, आणि एवढे सगळे मिळून दांड्याच्या सायकलच्या जवळपास जाणारे वजन बारा-चौदा वर्षांच्या मुलाला चढावर ओढावे लागते. सस्पेन्शन फोर्कच्या जागी साधा कडक फोर्क आणि फुगवलेल्या नळ्यांच्या जागी बेताच्या नळ्या घातल्या असत्या, तर याच पोलादाची आणि याच किमतीची बरी सायकल झाली असती. दोष धातूचा कमी आणि दिखाऊ रचनेचा अधिक आहे.

पुरावा हवा असेल तर दांड्याची सायकल आहेच. तिचे पोलादही साधेच, वजन वीस किलोच्या घरात, पण तिच्या रचनेत लबाडी नाही. २८ इंची चाके, दोन चाकांमधले लांब अंतर, मागे झुकलेली सीटची नळी आणि पुढे वळवलेला फोर्क यांमुळे ती खड्ड्यांवरून संथपणे, पण न आदळता जाते. तिचे जोड लगमध्ये, म्हणजे जोडाच्या जागी असणाऱ्या धातूच्या खोळीत, नळी बसवून पितळेने भरलेले असतात. अशा जोडात नळी वितळत नाही, फक्त पितळ वितळून फटीत शिरते, त्यामुळे कामगाराचा हात थोडा चुकला तरी नळी कमकुवत होत नाही. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवून आणि मागे आणखी एक बांधून पहाटे गावातून शहराकडे जाणाऱ्या सायकलींनी या फ्रेमची जी परीक्षा घेतली आहे, ती कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा कमी नाही. तिच्यावरून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाण्यात मजा आहे. तिथून वर चढण्यात ती शिल्लक राहत नाही.

क्रोमोली या पोलादात सुमारे एक टक्का क्रोमिअम, थोडे मॉलिब्डेनम आणि सुमारे ०.३ टक्के कार्बन असतो. ४१३० जातीची नळी सुमारे ४३५ मेगापास्कल ताणापर्यंत कायमची वाकत नाही. ६०६१ अ‍ॅल्युमिनिअमसाठी उष्णतासंस्कारानंतर हाच आकडा सुमारे २७६ आणि टायटॅनिअमच्या सायकली नळीसाठी ७०० च्या पुढे असतो. टूरिंग सायकलच्या नळ्या टोकांना ०.९ आणि मध्ये ०.६ मिलिमीटर जाड आहेत, आणि बोटांच्या नखांनी टिचकी मारली तर टोकापासून मध्याकडे येताना आवाज बदलत गेलेला कानाला कळतो. चारही बाजूंना पिशव्या लावून ही सायकल ताम्हिणीतून उतरवताना जी स्थिरता मिळते, ती तिच्या धातूची आहे असे म्हणायला मन धजावत नाही, कारण मागचे दांडे लांब आणि फोर्कचा कोन निवांत आहे. तशीच भूमिती अ‍ॅल्युमिनिअममध्ये कोणी केली तर तीही स्थिरच राहील. पण तशी कोणी फारशी करत नाही, हा बाजाराचा भाग झाला. रिकामी चालवताना ही सायकल थोडी आळशी वाटते. मालाशिवाय तिला घेऊन शहरात फिरणे म्हणजे ट्रक घेऊन भाजीला जाणे.

दुरुस्तीत मात्र पोलादाला तोड नाही. दापोलीहून दाभोळला उतरून फेरीबोटीने धोपावेला गेलात आणि पुढे गुहागरच्या वाटेवर मागच्या कॅरिअरचा कान तुटला, तर कोणत्याही बऱ्या गावात गॅस वेल्डिंग करणारा माणूस सापडतो आणि तो पितळेचा टाका घालून देतो. टाका सुबक नसेल, रंग जळेल, पण सायकल घरी पोचेल. मागचे गिअर लटकतात तो हँगर वाकला तर तो पोलादात जागेवर सरळ करता येतो; मागच्या दांड्यांमधले अंतर नव्या पद्धतीच्या चाकासाठी १२६ वरून १३० मिलिमीटर करायचे असेल तर तेही थंड अवस्थेत ताणून करता येते. अ‍ॅल्युमिनिअमच्या फ्रेमवर हे उपाय करू नयेत. म्हणूनच अ‍ॅल्युमिनिअमच्या सायकलीला हँगर सुटा, स्क्रूने बसणारा दिलेला असतो, आणि लांबच्या प्रवासाला निघताना तोच हँगर जादा घेऊन ठेवणे हा खर्चाच्या मानाने फार मोठा विमा आहे.

अ‍ॅल्युमिनिअमचा वेल्डिंगशी असलेला संबंध जरा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे. ६०६१ मध्ये थोडे मॅग्नेशिअम आणि सिलिकॉन असते आणि त्याची बळकटी उष्णतासंस्कारातून येते. वेल्डिंगच्या वेळी जोडाजवळचा भाग तापतो आणि तेथली बळकटी जवळपास निम्म्यावर येते. ती परत मिळवण्यासाठी पूर्ण फ्रेम सुमारे ५३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात थंड करावी लागते, त्यात ती वाकते म्हणून लगेच सरळ करावी लागते, आणि मग १७५ अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवावी लागते. ७००५ जातीत जस्त असते आणि तिला पाण्यात बुडवण्याची पायरी लागत नाही, म्हणून काही कारखाने तिला पसंती देतात. आता भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आर्गन वेल्डिंग करणारे कितीतरी कुशल हात आहेत आणि त्यांतले काही जण तडा गेलेली अ‍ॅल्युमिनिअमची फ्रेम सुंदर सांधून देतीलही. पण पुढची भट्टी त्यांच्याकडे नसेल तर तो सांधा दिसायला नवा आणि ताकदीला अर्धा असतो. हँडलच्या खालच्या जोडाला तडा गेलेली अ‍ॅल्युमिनिअमची फ्रेम सांधून पुन्हा रस्त्यावर आणू नये, असे मी निःसंकोचपणे सांगतो.

धातूच्या थकव्याची भीतीही या धातूशी कायमची चिकटली आहे. पोलाद आणि टायटॅनिअम यांना एक मर्यादा असते, जिच्या खालचा ताण कितीही वेळा दिला तरी तडा जात नाही. अ‍ॅल्युमिनिअमला अशी मर्यादा नाही, लहान ताणही पुरेशा वेळा दिला तर ते शेवटी तुटते. पुस्तकातले हे वाक्य खरे असले तरी त्यावरून 'अ‍ॅल्युमिनिअमची फ्रेम पाच वर्षांत टाकावी लागते' असा जो निष्कर्ष काढला जातो तो चुकीचा आहे. हा दोष माहीत असल्यामुळेच अभियंते अ‍ॅल्युमिनिअमची फ्रेम गरजेपेक्षा बरीच ताठ करतात, जेणेकरून प्रत्येक पॅडलमागे येणारा ताण अगदी लहान राहील. जर्मनीच्या 'टूर' मासिकाने १९९७ मध्ये बारा महागड्या फ्रेम प्रयोगशाळेतल्या थकवा-चाचणीला लावल्या. शेवटपर्यंत न तुटता टिकल्या त्या तीन, दोन अ‍ॅल्युमिनिअमच्या आणि एक कार्बनची. पोलादाच्या आणि टायटॅनिअमच्या फ्रेम त्याआधीच तडकल्या होत्या. एका चाचणीवरून धातूचे भविष्य ठरत नाही, आणि त्या पोलादी फ्रेम शर्यतीच्या, अतिशय पातळ नळ्यांच्या होत्या हेही खरे. परंतु रचना धातूवर मात करते याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. फरक उरतो तो तुटण्याच्या पद्धतीत. पोलादाचा तडा सहसा हळूहळू वाढतो, सायकल आधी कुरकुरते, मग वळणावर वेडीवाकडी वागू लागते आणि लक्ष देणाऱ्याला उतरायला वेळ मिळतो. अ‍ॅल्युमिनिअम इतकी आगाऊ सूचना देईलच असे नाही.

हायब्रिडची रोजची वागणूक मला पाचांत सर्वांत सोयीची वाटली. तीन मजले जिन्याने उचलून नेता येते, सिग्नलला पाय मारताच निघते, पावसाळाभर बाहेर राहिली तरी फ्रेमला काही होत नाही. वजनाबद्दल मात्र अवास्तव अपेक्षा नको. स्वार, सायकल आणि पाणी मिळून ८५ किलो धरले, तर फ्रेममधला एक किलोचा फरक म्हणजे सव्वा टक्क्याहूनही कमी; तासाभराच्या चढावर तो चाळीस-एक सेकंदांचा होतो. शर्यतीत उतरणाऱ्यासाठी ते मोलाचे आहेत. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरावीक वेळेत अंतर पुरे करण्याच्या सायकलफेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते, आणि तेथे चाळीस सेकंदांपेक्षा चहाच्या टपरीवर किती वेळ बसलो हे जास्त महत्त्वाचे ठरते.

गंजाचा प्रश्न पुण्यात आणि किनाऱ्यावर सारखा नाही. पोलादी फ्रेम बाहेरून रंगवलेली असते आणि आतून बहुधा उघडी. पावसाचे पाणी सीटच्या नळीतून उतरून पॅडलच्या धुऱ्याजवळ, म्हणजे बॉटम ब्रॅकेटमध्ये, साचते आणि फ्रेम आतून खायला लागते. वर्षातून एकदा सीटची दांडी काढून आत रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवसाचे तेल फिरवावे, फ्रेम उलटीसुलटी करून ते सगळीकडे पोचवावे आणि वाळू द्यावे. त्याचा पातळ थर धातूला चिकटून राहतो. रत्नागिरी-मालवणकडे राहणाऱ्यांनी हे पावसाळ्याआधीच करावे. अ‍ॅल्युमिनिअमला लाल गंज चढत नाही, पण खाऱ्या हवेत पोलादी स्क्रूंच्या कडेने त्याच्या रंगाला फोड येतात आणि त्याखाली पांढरी भुकटी सापडते. दोन वेगळे धातू, मध्ये खारा ओलावा, म्हणजे छोटी बॅटरीच तयार होते आणि तीत अ‍ॅल्युमिनिअम झिजते.

टायटॅनिअमच्या सायकलीबद्दल लिहिताना थोडे सावध राहावे लागते, कारण ती दिसायला इतकी देखणी आहे की मत आधीच तयार होते. रंग नाही, गंज नाही, ओरखडा पडला तर घासून काढता येतो. नळ्यांत तीन टक्के अ‍ॅल्युमिनिअम आणि अडीच टक्के व्हॅनेडिअम आहे, आणि त्यांचा व्यास पोलाद आणि अ‍ॅल्युमिनिअम यांच्या अधलामधला. बोपदेवच्या चढावर सीटवरून उठून जोर लावला तर पॅडलपाशी किंचित लवचीकपणा जाणवला, तेवढा हायब्रिडमध्ये नव्हता. टायटॅनिअमचा ताठरपणा पोलादाच्या निम्मा असल्यामुळे नळ्यांचा व्यास आणखी वाढवला असता तर तो गेला असता. 'टायटॅनिअमची जादू' म्हणून ज्याची स्तुती होते, ती माझ्या मते बऱ्याच अंशी हाच लवचीकपणा आणि बहुतेक अशा सायकलींवर असणारे चांगल्या प्रतीचे टायर यांची बेरीज आहे. सायकल अतिशय आवडली, हे मात्र नाकारत नाही.

तिची किंमत कोठून येते हेही समजून घ्यावे. पृथ्वीच्या कवचात टायटॅनिअम दुर्मिळ नाही; आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही त्याचे खनिज, इल्मेनाइट, आहे. महाग आहे ते खनिजातून धातू वेगळा करणे, कारण त्यासाठी आधी त्याचे क्लोराइड करून मग ते वितळलेल्या मॅग्नेशिअमने फोडावे लागते. पुढे कापताना हत्यारे झिजतात, आणि वेल्डिंग करताना तापलेल्या धातूला हवेतला ऑक्सिजन लागला तर जोड ठिसूळ होतो, म्हणून नळीच्या बाहेरून आणि आतूनही आर्गन वायू सोडावा लागतो. ग्राहकासाठी यात एक सोय आहे: टायटॅनिअमचा जोड आपली हकीकत रंगाने सांगतो. चंदेरी जोड उत्तम, फिकट गवती रंग चालण्यासारखा, निळा-जांभळा शंकास्पद, आणि राखाडी किंवा पांढरट दिसला तर ती फ्रेम घेऊ नये. पॉलिश करून रंग पुसलेला असू शकतो, त्यामुळे सीटची नळी आणि बॉटम ब्रॅकेट यांत टॉर्च टाकून आतली बाजू पाहावी. दुरुस्तीचे म्हणाल तर महाराष्ट्रात सायकलच्या टायटॅनिअम फ्रेमला हात लावणारा कारागीर सहज सापडेल असे समजून चालू नये. नुसत्या फ्रेमलाच लाख-दीड लाखाच्या पुढे मोजावे लागतात, आणि त्या पैशांत चांगली अ‍ॅल्युमिनिअमची सायकल आणि क्रोमोलीची टूरिंग अशा दोन्ही दारात उभ्या राहू शकतात.

मॅग्नेशिअमच्याही फ्रेम झाल्या आहेत. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या शेवटी कर्क प्रिसिजनने साच्यात ओतलेली फ्रेम विकली आणि इटलीच्या पिनारेलोने पुढे मॅग्नेशिअमची डॉग्मा काढली. पण हा धातू ओलाव्यात फार लवकर खराब होतो आणि कोकणात, किंवा घामाच्या धारा लागणाऱ्या कोणत्याही स्वाराकडे, त्याची गरज नाही.

माझी शिफारस विचाराल तर शहरात रोज ये-जा आणि आठवड्याच्या शेवटी घाट, एवढाच वापर असेल तर ६०६१ ची साधी, कडक फोर्कची अ‍ॅल्युमिनिअम हायब्रिड घ्यावी आणि वाचलेले पैसे टायरवर खर्च करावेत. महिनाभराच्या सामानासह लांब जायचे असेल, स्वार वजनदार असेल किंवा एकच सायकल वीस वर्षे वापरायची असेल, तर क्रोमोलीला पर्याय नाही. दहा हजारांच्या आतल्या अंदाजपत्रकात नव्या 'माउंटन' सायकलऐवजी दांड्याची सायकल किंवा जुनी अ‍ॅल्युमिनिअमची सायकल, असे उत्तर मी देईन.

जुनी घेताना मात्र खिशात लहानसे लोहचुंबक न्यावे. ते चिकटले तर फ्रेम पोलादाची, न चिकटले तर अ‍ॅल्युमिनिअमची (टायटॅनिअमची इतक्या सहज विकायला येत नाही). 'अलॉय' असा स्टिकर अनेकदा फक्त रिमपुरता किंवा हँडलपुरता असतो, हे त्यामुळे जागेवर कळते. हँडलखालच्या दोन नळ्यांच्या पोटाकडची बाजू बोटाने चाचपावी. तेथे रंगाला सुरकुती किंवा उंचवटा असेल तर सायकल समोरून कशावर तरी आदळलेली आहे. बॉटम ब्रॅकेटच्या जोडाभोवती आणि मागच्या चाकाच्या खाचांजवळ कापड फिरवावे, धागा अडकला तर तेथे केसाएवढा तडा असण्याची शक्यता असते. शेवटी सीटची दांडी विकणाऱ्यादेखत वर-खाली करून पाहावी. पोलादी फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनिअमची दांडी ग्रीस न लावता वर्षानुवर्षे बसलेली असेल तर ती आतून धरते, आणि मग ती काढण्याची मजुरी सायकलच्या किमतीतून आधीच वजा करून मागावी.